कमकुवत बाजूपर्यंत भार पोहोचतो का? बारा आठवड्यांच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून या प्रकल्पाच्या नोंदी सुरू करत आहे. विषय मुद्दाम लहान ठेवला आहे. पक्षाघातानंतर शरीराच्या एका बाजूच्या स्नायूंमध्ये कमजोरी राहिलेल्या व्यक्तींना आपण ताकदीचा व्यायाम देतो, तेव्हा तो व्यायाम कमकुवत बाजू करते की चांगली बाजू तो परस्पर उरकून टाकते, एवढेच तपासायचे आहे. फिजिओथेरपीच्या रोजच्या कामात ‘खुर्चीतून उठणे, दहा वेळा’ अशी नोंद होते. पण त्या दहा वेळांत कोणत्या पायाने किती काम केले, हे कागदावर कोठेही दिसत नाही.

एकूण सहा व्यक्ती घेतल्या आहेत. सर्वांच्या पक्षाघाताला सहा महिने उलटून गेले आहेत, काठी घेऊन किंवा काठीशिवाय प्रत्येकाला चालता येते आणि सर्वांसाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी परवानगी मिळाली आहे. रक्तदाब आटोक्यात नसलेल्या, हृदयविकार अस्थिर असलेल्या किंवा खांदा तीव्र दुखत असलेल्या व्यक्तींना घेतलेले नाही. अगदी ताज्या रुग्णांचाही समावेश केलेला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲव्हर्ट’ या चाचणीत २,१०४ रुग्ण होते. त्यातील ज्या गटाला पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत आणि जास्त प्रमाणात अंथरुणातून उठवण्यात आले, त्या गटात तीन महिन्यांनंतर चांगला परिणाम दिसलेल्यांचे प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा कमी निघाले. लवकर सुरुवात चांगली असली, तरी अतिघाई चांगली नसते, एवढा अर्थ मी त्यातून घेते.

९ जानेवारी

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी सविस्तर बोलणे झाले. वजन लावून व्यायाम दिला तर स्नायूंचा ताठरपणा, म्हणजे स्पास्टिसिटी, वाढेल, अशी त्यांची शंका आहे. ही शंका निराधार म्हणून उडवून लावता येत नाही, कारण तिला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने मांडलेल्या पद्धतीचा आपल्या शिक्षणावर दीर्घकाळ प्रभाव होता आणि जोर लावून केलेल्या हालचालींमुळे अनैसर्गिक ताण बळावतो, अशी त्या विचारात धारणा होती. त्यामुळे कमजोरी समोर दिसत असूनही तिच्यावर थेट उपाय करायचा नाही, असा विचित्र संकेत रूढ झाला.

वास्तविक ताठरपणा आणि कमजोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये केलेल्या व्याख्येनुसार स्पास्टिसिटी म्हणजे स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा प्रतिक्षिप्त विरोध वाढणे. कमजोरीचे मूळ निराळे आहे. मेंदूतून निघणारे हालचालींच्या आज्ञांचे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूतील इजा उजव्या हातापायांत दिसते. या मार्गाला इजा झाली की स्नायूतील कमी एकके कामाला लागतात आणि जी लागतात त्यांनाही संदेश मंद गतीने मिळतात. पुढे वापर घटला की स्नायू स्वतःही रोडावतो. या दुसऱ्या भागावर व्यायामाचा हक्क निर्विवाद आहे आणि पहिल्या भागावरही बराच आहे. लुईस एडा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेल्या पद्धतशीर आढाव्यात ताकदीच्या व्यायामाने ताकद वाढते, दैनंदिन हालचालींत काही सुधारणा होते आणि ताठरपणा वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला होता.

तरीही सहकाऱ्यांचा मान राखून ठरवले आहे की दर आठवड्याला पोटरी, कोपर आणि मनगट यांचा ताठरपणा सुधारित ॲशवर्थ मापनपट्टीने, म्हणजे स्नायू ताणताना हाताला जाणवणाऱ्या विरोधाला श्रेणी देऊन, नोंदवायचा. वाढ दिसली तर ती लपवायची नाही.

१३ जानेवारी

सुरुवातीची मोजमापे घेतली. हातांनी विरोध देऊन ताकद जोखण्याची ० ते ५ ही श्रेणी सर्वांना परिचित आहे: ० म्हणजे आकुंचनच नाही, १ म्हणजे नुसती लहर, २ म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा विरोध नसताना हालचाल, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल, ४ म्हणजे थोडाफार विरोध सहन करून हालचाल आणि ५ म्हणजे सामान्य ताकद. अडचण ४ या श्रेणीची आहे. ती इतकी ऐसपैस आहे की सहभागी सहा जणांपैकी चौघांच्या गुडघ्याचे स्नायू तिच्यात बसले, आणि डायनॅमोमीटर, म्हणजे स्नायूचा जोर आकड्यात मोजणारे उपकरण, लावल्यावर त्यांच्यापैकी सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या निम्माही भरला नाही.

हाती धरण्याच्या डायनॅमोमीटरचीही मर्यादा लगेच दिसली. क्रमांक १ च्या व्यक्तीने चांगला पाय सरळ करताना इतका जोर लावला की माझाच हात मागे सरकला. म्हणजे उपकरण त्यांची ताकद न मोजता माझी मोजत होते. खाटेच्या पायाला पट्टा बांधून उपकरण त्यात अडकवले, तेव्हा आकडे स्थिर झाले. प्रत्येक स्नायूचे तीन प्रयत्न, मध्ये एक मिनिट विश्रांती आणि तिन्हींची सरासरी असा नियम केला आहे.

चांगली बाजू हा निर्दोष मापदंड मानायचा नाही, हेही लिहून ठेवते. काही तंतू बाजू न बदलता त्याच बाजूला उतरतात आणि आजारानंतर एकूण हालचाल घटते, म्हणून ‘चांगली’ बाजूही समवयस्क निरोगी व्यक्तीपेक्षा बहुधा अशक्त असते.

१४ जानेवारी

आजचा दिवस वजनकाट्यांचा होता. खुर्चीसमोर दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवायचे, प्रत्येकावर एक पाऊल ठेवायचे आणि उठताना दोन्हींवर किती भार येतो ते पाहायचे, इतकी साधी कल्पना होती. आधी आकडे दाखवणारे डिजिटल काटे आणले, पण ते वजन स्थिर होईपर्यंत आकडाच दाखवत नाहीत आणि दाखवला की तोच धरून बसतात. शेवटी काट्याची सुई फिरणारे जुने यांत्रिक काटे घेतले आणि दोन्ही तबकड्या एका चौकटीत येतील अशा रीतीने मोबाइल खाली ठेवून चित्रण केले. उठताना नितंब खुर्चीवरून सुटले की तीन अंक मोजेपर्यंत अर्ध्यावर थांबायचे आणि मग पूर्ण उभे राहायचे. अर्ध्यावरचा आकडा नोंदीसाठी धरायचा.

सकाळचे सर्व आकडे रद्द करावे लागले. दुपारी सहज म्हणून काट्यांची अदलाबदल केली, तर एक काटा दोन किलो जास्त दाखवतो असे उघड झाले. आता प्रत्येक मापन काटे अदलाबदल करून दोनदा घेतले जाईल. काट्यांच्या उंचीमुळे पाऊल वर येते आणि खुर्ची त्या मानाने बुटकी होते, म्हणून बैठकीवर तेवढ्याच जाडीची फळी टाकली.

क्रमांक ३ च्या गृहस्थांचे निरीक्षण नमुन्यादाखल देते. त्यांचे वजन ६८ किलो आहे आणि उजवी बाजू कमकुवत आहे. ‘उठा’ म्हणताच त्यांनी डावे पाऊल खुर्चीखाली ओढून घेतले, उजवे पुढे तसेच ठेवले, धड डावीकडे झुकवले आणि झटक्यात उभे राहिले. पाहणाऱ्याला ते उठणे सफाईदार वाटले असते. अर्ध्यावर थांबल्यावर डावा काटा ५० वर होता आणि उजवा १८ वर. त्यांना चित्रण दाखवले, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मला तर दोन्ही पायांवर उठल्यासारखंच वाटत होतं.”

२० जानेवारी

कार्यक्रम सुरू झाला. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. पायासाठी खुर्चीतून उठणे, पायरीवर चढणे, वजनपट्टा बांधून गुडघा सरळ करणे, उभ्याने टाचा उचलणे, पाऊल वर ओढणे आणि उभ्याने पाय बाजूला नेणे. हातासाठी कोपर सरळ करणे, मनगट वर उचलणे, बोटे उघडणे आणि मूठ आवळणे.

भार किती असावा यावर फार वाद घालावा लागला नाही. थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांसाठी वाढत्या वजनाच्या व्यायामाची पद्धत मांडली. जे वजन बरोबर दहा वेळाच उचलता येते ते आधार धरायचे आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवायचे, हे तिचे सूत्र आजही तितकेच कामाचे आहे. अमेरिकेतील हृदयविकार संघटनेच्या २०१४ मधील मार्गदर्शनात पक्षाघातानंतरच्या व्यक्तींसाठी एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ५० ते ८० टक्के भार, १० ते १५ आवर्तने, १ ते ३ सेट आणि आठवड्यातून २ ते ३ दिवस असे प्रमाण दिले आहे. आम्ही १० आवर्तनांचे दोन सेट घेऊन सुरुवात केली आहे. शेवटची दोन आवर्तने कठीण वाटली पाहिजेत. तशी वाटली नाहीत, तर त्याला ताकदीचा व्यायाम म्हणता येत नाही.

प्रत्येक सत्राआधी रक्तदाब पाहतो. जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून प्रत्येकाने आवर्तने मोठ्याने मोजायची आहेत. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. ज्यांच्या बोलण्यावर आजाराचा परिणाम झाला आहे, त्या क्रमांक ५ च्या व्यक्ती मोजण्याऐवजी फुंकर घालतात.

२३ जानेवारी

खुर्चीतून उठताना कमकुवत पाऊल चांगल्या पावलापेक्षा अर्ध्या पावलाने मागे ठेवायचे, एवढा एकच बदल केला. क्रमांक ३ चा उजवा काटा त्याच दिवशी १८ वरून २५ वर आला. हे ताकद वाढल्यामुळे झालेले नाही; नुसती मांडणी बदलल्याने भार योग्य पायाकडे वळला आहे. बैठक आधी उंच ठेवून हळूहळू खाली आणायची आहे.

२९ जानेवारी

क्रमांक २ च्या बाई गुडघा ९० अंशांपासून सरळ करू लागतात, तेव्हा सुरुवात चांगली होते, पण शेवटच्या २० अंशांत पाय थरथरतो आणि थांबतो. पक्षाघातानंतर स्नायू आखूड झालेल्या स्थितीत कमजोरी अधिक जाणवते, हे आधीच्या अभ्यासांतून माहीत असलेले निरीक्षण येथे डोळ्यांसमोर होते. पूर्ण पल्ल्यात वजन वाढवत राहिलो असतो, तर सोपा भाग अधिक सोपा झाला असता आणि अवघड भाग तसाच राहिला असता. म्हणून गुडघ्याखाली घट्ट गुंडाळी ठेवून फक्त शेवटच्या टप्प्याचा वेगळा सेट दिला.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट हाती लागली. वर उचलताना अडणारा पाय खाली सोडताना बऱ्यापैकी ताबा ठेवतो. भार सोसत लांबत जाताना स्नायूची ताकद तुलनेने शाबूत असते. याचा फायदा घेऊन क्रमांक २ आणि ६ यांना ‘दोन पायांनी वर, एका पायाने खाली’ असा टाचा उचलण्याचा प्रकार दिला. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, मग चांगला पाय किंचित सैल करून कमकुवत पायावर सावकाश चार अंक मोजत उतरायचे. आधाराचा कठडा हाताशी असल्याशिवाय हे करायचे नाही.

५ फेब्रुवारी

एक चूक माझीच. क्रमांक २ च्या वजनपट्ट्याचे वजन पंधरा दिवसांत एक किलोवरून दोन किलो झाले म्हणून मी वहीत समाधानाने टीप लिहिली होती. आज त्यांना समोरून न पाहता बाजूने पाहिले, तर पाय वर जाताना धड मागे कलत होते, कंबर उचलली जात होती आणि दोन्ही हात खुर्चीची कड ओढत होते. वाढलेले वजन मांडीच्या स्नायूंनी न पेलता शरीराच्या बाकीच्या भागांनी वाटून घेतले होते. वजन पुन्हा सव्वा किलोवर आणले आणि नवा नियम केला की धड स्थिर असताना झालेले आवर्तनच मोजायचे. बिघडलेली आवर्तने वेगळ्या रकान्यात लिहायची आणि सलग दोन बिघडली की सेट थांबवायचा.

क्रमांक २ यांना हे आवडले नाही. वजन कमी होणे म्हणजे प्रकृती मागे जाणे, असे त्यांनी धरले. त्यांची समजूत काढायला सत्रातला अर्धा वेळ गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

१२ फेब्रुवारी

आतापर्यंत पायाकडे अधिक लक्ष गेले. हाताचा प्रश्न बिकट आहे. क्रमांक ४ च्या व्यक्तीचे मनगट श्रेणी २ मध्ये आहे. त्यांना वजन देण्यात अर्थ नाही, कारण हाताचे स्वतःचे वजनच त्यांना जड आहे. टेबलावर पावडर पसरून हात आडवा ठेवला आणि मनगट बाजूने सरकवत हालचाल करवली. सोबत पुढच्या हाताच्या स्नायूंना विद्युत उद्दीपन दिले. मात्र प्रवाह आला की त्यांनीही त्याच क्षणी मनाने जोर लावायचा, हा आग्रह धरला.

त्यांची पकड मोजण्याच्या उपकरणावर ० दिसते. प्रयत्न करूनही सत्रामागून सत्र शून्य पाहणे माणसाला खचवते. म्हणून रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून २० मिलिमीटर दाबापर्यंत हवा भरली आणि तो त्यांच्या मुठीत दिला. सुई २० वरून २६ वर गेली आणि थरथरत परत आली. ते २६ आजच्या वहीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे.

मूठ आवळण्याइतकाच, किंबहुना जास्त, वेळ बोटे उघडण्यावर द्यायचा आहे. वस्तू पकडता आली आणि सोडता आली नाही, तर तो हात कामाला येत नाही.

१९ फेब्रुवारी

ताठरपणाची पाच आठवड्यांची नोंद तपासली. एकाही व्यक्तीत टिकून राहणारी वाढ नाही. क्रमांक ६ ची पोटरी दोन वेळा सत्र संपल्यावर लगेच घट्ट वाटली, पण अर्ध्या तासाने श्रेणी पूर्ववत झाली. ज्येष्ठ सहकाऱ्यांना तक्ता दाखवला. त्यांनी तो काळजीपूर्वक पाहिला आणि “पुढचे आठवडेही असेच नोंदवा,” एवढेच म्हटले. ते योग्यच आहे.

२६ फेब्रुवारी

क्रमांक ४ चे पाऊलही वर ओढले जात नाही. त्यांच्यासाठी चांगल्या पायाच्या घोट्याला जोरदार व्यायाम देण्याचा पूरक प्रयोग सुरू केला. एका बाजूला सराव दिला की दुसऱ्या बाजूची ताकदही काही अंशी वाढते, हे निरीक्षण येल विद्यापीठातून १८९४ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि पक्षाघातानंतर कमकुवत घोट्याच्या बाबतीतही अलीकडे तसे आढळले आहे. प्रकल्पाचा सारा रोख कमकुवत बाजूवर असताना चांगल्या बाजूला व्यायाम देणे विसंगत वाटेल. पण जेथे हालचालच नाही, तेथे भार पोहोचवण्याचा सरळ मार्गही नसतो. ज्यांना थोडीही हालचाल जमते, त्यांच्यासाठी हा पर्याय वापरायचा नाही.

५ मार्च

क्रमांक ५ चा खांदा दुखू लागला. चौकशीअंती कळले की व्यायामाने नव्हे, तर उठवताना मदतनीस कमकुवत बाजूच्या काखेत हात घालून ओढत होते. खांद्याभोवतीचे स्नायू सैल असताना दंडाचे हाड खोबणीतून खाली उतरलेले असते आणि तशा हाताला ओढ बसली की दुखापत ठरलेली. हाताचा व्यायाम एक आठवडा थांबवला, पायाचा चालू ठेवला. मदतनिसांना कमरेच्या पट्ट्याला धरून आधार कसा द्यायचा ते करून दाखवले आणि त्यांच्याकडून तीनदा करवून घेतले. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

१८ मार्च

क्रमांक ६ ने मला अडचणीत टाकले आहे. त्यांच्या मांडीच्या स्नायूंचा डायनॅमोमीटरवरील आकडा सुमारे एक तृतीयांशाने वाढला आहे, पण दहा मीटर चालण्याचा वेळ पहिल्या दिवसाइतकाच आहे. बसून गुडघा सरळ करण्याची ताकद बसून गुडघा सरळ करण्यालाच प्रथम उपयोगी पडते. चालताना शरीर पुढे ढकलणारा जोर पोटरीतून येतो आणि पाय पुढे घेण्याचा जोर खुब्याच्या पुढच्या स्नायूंतून येतो. शिवाय तो जोर एका सेकंदाच्या छोट्या अंशात निर्माण व्हावा लागतो. आम्ही त्यांना सावकाश आणि जड असेच सर्व काही दिले होते.

उरलेल्या आठवड्यांसाठी बदल केला. बसून करायचा एक सेट कमी करून पायरीवर झटकन चढणे आणि सावकाश उतरणे, उभ्याने रबरी पट्ट्याविरुद्ध गुडघा पुढे उचलणे आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी दहा मिनिटे शक्य तितके जलद चालणे असा क्रम ठेवला.

४ एप्रिल

अखेरची मोजमापे झाली. सहापैकी पाच जणांच्या गुडघ्याची आणि घोट्याची ताकद वाढली. क्रमांक ५ चे आकडे जवळपास स्थिर आहेत. त्यांची सत्रेही सर्वांत कमी झाली. क्रमांक ६ चा चालण्याचा वेळ शेवटच्या अडीच आठवड्यांत थोडा घटला. क्रमांक ४ ची पट्ट्यावरील पकड २० वरून ३४ पर्यंत जाते, मात्र बोटे उघडण्यास त्यांना अजून मदत लागते आणि घोट्यात डोळ्यांना दिसेल इतकी हालचाल आलेली नाही. बोटाने चाचपल्यावर स्नायूची लहर मात्र जाणवते. ताठरपणाच्या नोंदींत वाढ नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि मापन करणारी मीच होते, त्यामुळे यातील किती सुधारणा व्यायामाची, किती मापनाच्या सवयीची आणि किती माझ्या उत्साहाची, हे या वहीवरून ठरवता येणार नाही.

क्रमांक ३ चे वाटप आता डावीकडे ३७ आणि उजवीकडे ३१ असे आले आहे, तेही दोन्ही पावले समान रेषेत ठेवून आणि नेहमीच्या उंचीच्या खुर्चीवरून. काटे उचलून ठेवल्यानंतर ते बाकावर बसून बुटाचे बंद लावत होते. निघायची वेळ झाली म्हणून कोणीतरी हाक मारली, तेव्हा त्यांनी डावे पाऊल बाकाखाली ओढून घेतले, उजवे पुढे सोडले आणि डावीकडे झुकून उभे राहिले.

चार महिन्यांनी पुन्हा मापन घ्यायचे आहे. त्या वेळी काट्यांवरच्या मापनाआधी, काही न सांगता, साध्या बाकावरून उठतानाचे चित्रण घ्यायचे आणि पहिला आकडा त्याचाच धरायचा.